भास्कराचार्य आणि निःशेष वाटणी

विद्यार्थिमित्रहो, स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळेच्या कोठीघरात २२१ लाडू व १९५ केळी येऊन पडली आहेत, अशी कल्पना करा. टोपल्या हव्या तितक्या आहेत. प्रत्येक टोपलीत लाडू सारखे, केळीही सारखी, परातीत एकही नग मागे उरावयाचा नाही, आणि टोपल्या होतील तितक्या अधिक करावयाच्या. तर टोपल्या किती? हे मसाविचे उदाहरण आहे, असे कोणीही चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी चटकन सांगेल. वहीत रीत मांडून १३ हे उत्तरही काढील. तेरा टोपल्या, प्रत्येकीत १७ लाडू व १५ केळी. परंतु ही महत्तम साधारण विभाजकाची खटपट खाऊच्या वाटणीपलीकडे कोणास कधी उपयोगी पडली काय, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. असा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे, आणि ही शांतता आम्हांस नेहमी बोचत आली आहे.

वर दिलेले दोन आकडे आम्ही आपल्या मनाने घेतलेले नाहीत. लाडू व केळी तेवढी आमची. २२१ आणि १९५ या संख्या आठशे वर्षांहून अधिक जुन्या आहेत. ‘लीलावती’ या संस्कृत ग्रंथातील कुट्टक नावाच्या प्रकरणात पहिल्याच उदाहरणात त्या एकमेकींशेजारी बसलेल्या आहेत. त्यांना तेथे बसविणारा पुरुष म्हणजे भास्कराचार्य. त्यांचे नाव ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. परंतु नावापलीकडे त्यांच्याविषयी जे सांगितले जाते त्यात दंतकथाच फार. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडे सविस्तर सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

सुदैवाने भास्कराचार्यांनी आपला जन्मशक स्वतःच लिहून ठेवला आहे. आपल्याकडील जुन्या ग्रंथकारांच्या बाबतीत हे भाग्य सहसा लाभत नाही. शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४, हा त्यांचा जन्मकाल, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. सातव्या शतकात भास्कर नावाचे दुसरे एक गणिती होऊन गेले, आर्यभटाच्या ग्रंथावर भाष्य लिहिणारे. म्हणून आपल्या चरित्रनायकांस पुष्कळदा दुसरे भास्कराचार्य म्हणतात. सह्याद्रीच्या आश्रयाने असलेले विज्जडविड हे त्यांनी आपले गाव म्हणून सांगितले आहे. ते विजापूर, ते बीड, की खानदेशातील चाळीसगावाजवळील पाटणच्या परिसरातले एखादे गाव, यावर विद्वानांत बराच वाद झाला. पाटणचा पक्ष बळकट का, हे पुढे शिलालेखाच्या गोष्टीवरून ध्यानात येईल.

घराणे शाण्डिल्य गोत्री आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्येचे. मूळ पुरुष त्रिविक्रम. त्याचा पुत्र भास्करभट्ट, ज्यास राजा भोजाकडून विद्यापति ही पदवी मिळाली. आम्हां माळव्यातील लोकांस हा उल्लेख वाचून थोडा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही, कारण भोजाची धार आमच्या इंदुराहून फार दूर नाही. भास्करभट्टानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. भास्कराचार्य उज्जयिनीच्या वेधशाळेचे प्रमुख होते असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. माळव्याच्या प्रेमापोटी ते खरे मानण्याचा मोह आम्हांसही होतो; परंतु त्यांनी स्वतः तसे कोठेही म्हटलेले नाही, आणि घराण्याच्या शिलालेखातही तसा शब्द नाही. उज्जयिनीशी त्यांचा निश्चित संबंध आहे तो इतकाच की, आपल्या सर्व जुन्या ज्योतिषांप्रमाणे त्यांनीही देशांतर मोजण्याची मध्यरेषा उज्जयिनीवरूनच धरली.

‘सिद्धान्तशिरोमणी’चे चार भाग. पहिला ‘लीलावती’, म्हणजे अंकगणित व क्षेत्रगणित; दुसरा ‘बीजगणित’; तिसरा ग्रहगणिताचा व चौथा गोलाध्याय. गोलाध्यायात पृथ्वी कोणाच्या आधारावर उभी नाही आणि जड वस्तूंना ती आपल्याकडे ओढते, असे प्रतिपादन आहे. बीजगणितातील चक्रवाल रीतीने त्यांनी सोडविलेला एक प्रश्न असा: ज्या वर्गसंख्येस ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा वर्गसंख्याच येते, ती कोणती? त्यातील लहान वर्गमूळ २२,६१,५३,९८० इतके मोठे निघते. हाच प्रश्न फ्रान्समधील फर्मा याने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला होता. यावर पुष्कळ लिहिता येईल. पण आम्हांस आज ‘लीलावती’कडेच वळावयाचे आहे.

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या लग्नाचा मुहूर्त साधावा म्हणून घटिकापात्र पाण्यात सोडले होते. कुतूहलाने वाकून पाहताना तिच्या अंगावरील मोती त्यात पडून पात्राचे छिद्र बुजले, मुहूर्त टळला, आणि तिच्या सांत्वनार्थ पित्याने हा ग्रंथ लिहिला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती आपल्याकडे आली अकबराच्या दरबारातील कवी फैजी याच्या फारसी भाषांतरातून, जे १५८७ मध्ये, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशे सदतीस वर्षांनी, तयार झाले. घराण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या पुत्राचे व नातवाचे नाव आहे, कन्येचे नाही. ग्रंथातील उदाहरणे कधी बालेस उद्देशून आहेत, कधी मित्रास, तर कधी वाण्यास. कथा गोड आहे, ती घरोघरी सांगितली जाईलच, आणि सांगू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्यामुळे एक तोटा झाला. ‘लीलावती’ म्हटले की लोकांस मोती आठवतो, पुस्तकात काय आहे ते आठवत नाही.

पुस्तकात आहे तो अतिशय दक्ष असा शिक्षक. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये आणि ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये जे सूत्ररूपाने सांगून ठेवले होते, ते भास्कराचार्यांनी उदाहरणे देऊन, भुंगे, हंस, कमळे व मोर यांच्या संगतीने, शिकणाऱ्याच्या हाती दिले. पूर्वसूरींचे ऋण त्यांनी लपविले नाही. ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ यांचे बीजगणितावरील ग्रंथ फार विस्तृत असल्यामुळे आपण त्यांचे सार शिष्यांसाठी काढले, असे ते मोकळेपणाने सांगतात. आणि या शिक्षकाची एक खोड आहे: कोणताही हिशेब करण्यापूर्वी संख्या जितक्या लहान करता येतील तितक्या करून घ्यावयाच्या.

अपूर्णांकांचे उदाहरण घ्या. एक चौदांशातून एक त्रेसष्टांश वजा करावयाचा आहे. सरळ छेदांचा गुणाकार केला तर छेद ८८२ होतो. भास्कराचार्य सुचवितात की, दोन्ही छेदांस ज्या संख्येने निःशेष भाग जातो तिने प्रथम भागा. सातांनी भागले असता १४ चे २ आणि ६३ चे ९ राहतात. मग समच्छेद अवघा १२६, आणि वजाबाकी येते ७/१२६, म्हणजे एक अष्टादशांश. या भागून लहान करण्याच्या क्रियेस त्यांनी अपवर्तन म्हटले आहे.

आता कुट्टक. उखळात घालून कुटणे, कुटून बारीक करणे, हा या शब्दाचा अर्थ मराठी मुलांस वेगळा सांगावयास नको. प्रश्न असा: २२१ ला अशा कोणत्या संख्येने गुणावे की, त्या गुणाकारात ६५ मिळविले असता १९५ ने निःशेष भाग जावा? येथे २२१ हा भाज्य, १९५ हा हर आणि ६५ हा क्षेप. आचार्यांची पहिली पायरी हीच की, भाज्य व हर यांचा परस्परांनी भागाकार करीत जावे. आपल्या टोपल्यांच्या भाषेत ते असे दिसेल. २२१ लाडूंपैकी १९५ लाडू १९५ केळ्यांशी जुळले. २६ लाडू उरले. ज्या संख्येने २२१ आणि १९५ या दोहोंस भाग जातो, तिने त्यांच्या वजाबाकीस, म्हणजे २६ ला, भाग गेलाच पाहिजे. म्हणून आता मोठ्या संख्येचे काम संपले. १९५ व २६ यांच्याकडेच पाहावयाचे. १९५ मधून २६ सात वेळा काढले की १३ उरतात. आणि १३ ने २६ ला बरोबर भाग जातो. कुटण्यासारखे काही राहिले नाही. जो शेवटला भाजक, तोच आपला मसावि. ग्रीक गणितज्ञ युक्लिड याने इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षे आपल्या ग्रंथात हीच रीत दिली आहे. शाळेत आपण भागाकार-पद्धतीने मसावि काढतो तेव्हा तीच वापरतो.

तेराने भागून राहिलेल्या १७ व १५ या संख्यांस भास्कराचार्य ‘दृढ’ म्हणतात. दृढ म्हणजे घट्ट. जी आणखी फुटत नाही अशी जोडी. जुन्या मराठी अंकगणितांत मसाविला दृढभाजक म्हणत असत, तो शब्द याच कुळातला. तो शब्द मागे पडला याचे आम्हांस थोडे वाईट वाटते. मसावि हे तीन अक्षरांचे गाठोडे आहे. दृढभाजक म्हटले की काय घडले ते डोळ्यांपुढे उभे राहते.

क्षेपासही १३ ने भागले की तो ५ होतो. मग १७ ला कशाने गुणून ५ मिळवावे म्हणजे १५ ने भाग जाईल, एवढाच प्रश्न राहिला. परस्पर भागाकारातील भागाकार १ आणि ७ हे एकाखाली एक मांडून त्यांच्याखाली क्षेप ५ व शेवटी शून्य लिहावे. या उभ्या मांडणीस वल्ली, म्हणजे वेल, असे नाव आहे. आता खालून वर चढावे. ७ गुणिले ५, त्यात शून्य, झाले ३५. मग १ गुणिले ३५, त्यात ५, झाले ४०. चाळीसमधून १७ जितक्या वेळा जातील तितक्या वेळा काढले की ६ उरतात. पस्तीसमधून १५ काढले की ५ उरतात. गुणक ५, भागाकार ६. ताळा पाहा: २२१ गुणिले ५ म्हणजे ११०५, त्यात ६५ मिळविले की ११७०, आणि १९५ सक ११७०. आणखी उत्तरे हवी असतील तर गुणकात १५ व भागाकारात १७ मिळवीत जावे: २० व २३, मग ३५ व ४०, याप्रमाणे हवी तितकी. म्हणजे त्या तेरा टोपल्यांतील प्रत्येकीतले १५ व १७ येथे पुन्हा भेटतात.

परंतु या प्रकरणातील आमचे सर्वांत आवडते वचन निराळेच आहे. ज्या संख्येने भाज्य व हर यांस भाग जातो, तिने क्षेपास जर भाग जात नसेल, तर तो प्रश्नच दुष्ट समजावा, असे आचार्य प्रारंभीच सांगून टाकतात. वरच्या उदाहरणात ६५ ऐवजी ६४ असते तर? २२१ ची कोणतीही पट १३ ची पट असते. तिच्यात ६४ मिळविले की १३ ने भाग जात नाही, मग १९५ ने कोठून जाणार? जन्मभर कुटले तरी उत्तर निघावयाचे नाही. आमच्या लहानपणी एका अंकगणितात असाच एक आकडा चुकीचा छापला गेला होता. रात्री दिव्यापाशी बसून आम्ही पाटी किती वेळा पुसली त्याची गणती नाही, आणि सकाळी उत्तर आले नाही म्हणून हातावर छडीही बसली. पुढे पुष्कळ वर्षांनी ‘लीलावती’ वाचताना या ठिकाणी आलो, तेव्हा क्षणभर पुस्तक मिटून बसलो. उत्तर न येणे हा प्रत्येक वेळी शिकणाऱ्याचाच दोष नसतो, हे बाराव्या शतकातील एका शिक्षकाने नियमात बसवून ठेवले होते. आणि प्रश्न दुष्ट आहे की नाही, हे घटकाभरात ओळखण्याचे साधन कोणते, तर तोच मसावि.

मग ही सारी खटपट कशासाठी? आचार्य ज्योतिषी होते, आणि त्यांच्या संख्या लाडूंच्या नव्हत्या. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेस अनुसरून एका कल्पात सूर्याच्या प्रदक्षिणा ४,३२,००,००,००० आणि दिवस १५,७७,९१,६४,५०,००० असे त्यांनी धरले आहे. ग्रहाची आजची स्थिती ठाऊक असता आरंभापासून किती दिवस लोटले, हे काढावयाचे म्हणजे कुट्टकच. तेरा अंकी हर घेऊन पाटीवर वल्ली मांडणाऱ्या माणसाची दशा काय होईल! म्हणून अपवर्तन. आम्ही एका सुटीच्या दिवशी हा भागाकार स्वतः करून पाहिला. त्या दोन राशींचा मसावि १३,५०,००० येतो. भागून राहिलेली दृढ जोडी आहे ३२०० वर्षे आणि ११,६८,८२७ दिवस. म्हणजे ते अवाढव्य कल्प तेरा लक्ष पन्नास हजार सारख्या टोपल्यांत विभागले गेले. प्रत्येक टोपलीत ३२०० पूर्ण वर्षे, ११,६८,८२७ पूर्ण दिवस, आणि परातीत तासाचाही तुकडा उरला नाही. याहून अधिक लहान टोपली होऊच शकत नाही. एका वर्षाचे दिवस यावरून ३६५ आणि वर पाव दिवसाहून किंचित अधिक असे निघतात. वर्गातील शांततेस आमचे उत्तर हे आहे.

भास्कराचार्यांच्या उत्तरायुष्याची एकच तारीख हाती लागते. शके ११०५, म्हणजे इ. स. ११८३ मध्ये, एकुणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पंचांग करणाऱ्यांस कल्पाच्या आरंभापासून मोजावे लागू नये, जवळचा शक धरून थोडक्या अंकांत ग्रह काढता यावे, यासाठी हा ग्रंथ. संख्या लहान करून देण्याची त्यांची खोड म्हातारपणीही सुटली नव्हती.

त्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल याने देवगिरीस नेऊन पंडितांत अग्रस्थान दिले. नातू चांगदेव हा सिंघणाचा राजज्योतिषी झाला. ‘लीलावती’वर टीका लिहिणारे पुढे पुष्कळ झाले; त्यांत कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांची १५४५ मधील ‘बुद्धिविलासिनी’ विशेष नावाजली. टेलर याचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत आणि कोलब्रुक याचे १८१७ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. आमच्या माळव्याशी आचार्यांचा खरा संबंध येतो तो यानंतर. भोपाळजवळच्या सिहोर येथील इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथील पाठशाळेत सिद्धान्तग्रंथांच्याच आधारे गणित व ज्योतिष शिकविण्याचा उपक्रम मांडला. सुबाजी बापू यांनी तेथे ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीत लिहिले. बापूदेव शास्त्री हे मराठी तरुण तेथेच शिकून पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले, आणि विल्किन्सन याने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांच्याच देखरेखीखाली १८६१ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले.

घराण्याची जी माहिती वर दिली ती मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या शोधामुळे आपणांस मिळाली. चाळीसगावाजवळ पाटण येथे भवानीच्या देवळात त्यांना एक शिलालेख सापडला, आणि १८६५ मध्ये त्यांनी तो विद्वानांपुढे ठेवला. चांगदेवाने आपल्या आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदि ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे एक मठ स्थापिला आणि इ. स. १२०७ च्या सुमारास त्या मठास दान मिळाले, त्याचा हा लेख. वंशावळ आणि स्तुती संस्कृतात कोरलेली आहे. अखेरच्या ओळी मात्र मराठीत आहेत. बाजारातील व्यवहारातून मठास काय द्यावयाचे, तेलाच्या घाण्यांनी किती तेल द्यावयाचे, अशा वाटण्या तेथे दगडावर लिहून ठेवल्या आहेत.